चुकवायचा तर कुठे?

मुलांनो, क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आता मनातल्या मनात अशा साडेबावीस खेळपट्ट्या एकीपुढे एक अंथरा. शेवटच्या टोकाला जमिनीत सव्वाचार इंच रुंद खळगा करा. गोट्या खेळताना आपण गल करतो ना, तसाच. आणि मग या टोकाला उभं राहून, लिंबाएवढा पांढरा चेंडू काठीने मारत मारत त्या खळग्यात घाला. किती फटके लागतील? पन्नास? शंभर?

चार! चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत हे काम उरकावं, अशी अपेक्षा असते.

ही वाट काल्पनिक नाही बरं का. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज नावाचं समुद्रकाठचं जुनं गाव आहे. तिथल्या ‘ओल्ड कोर्स’ या गोल्फच्या मैदानावरचा हा सतरावा होल. २०२२ साली तिथे ‘ओपन’ ही मानाची स्पर्धा झाली, तेव्हा त्याची लांबी ४९५ यार्ड होती. भागून पाहा २२ ने!

तुम्ही म्हणाल, बाई, गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, तो आम्हाला कशाला? खरंच आहे. मी एका लहान गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेत क्रिकेटची बॅटसुद्धा एकच आहे आणि तिलाही वरून सुतळी गुंडाळलेली आहे. पण गोल्फ आमच्या घरात होता. तो आणला माझ्या मामाने, आणि तोही खांद्यावरून.

मामा मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात पंचवीस वर्षं कॅडी होता. खेळाडूची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालतो तो कॅडी. पिशवीत चौदापर्यंत काठ्या असतात. लांब मारायची वेगळी, उंच उडवायची वेगळी, वाळूतून काढायची वेगळी आणि शेवटी गवतावरून हलकेच ढकलायची वेगळी. या ढकलायच्या काठीला पटर म्हणतात. पिशवी चांगली जड असते. ती घेऊन अठरा होल चालायचं, म्हणजे तीन-चार तासांची पायपीट. पण कॅडीचं काम एवढंच नसतं. चेंडू कुठे पडला, खळगा अजून किती लांब आहे, वारा कुठून आहे, उतार कुठे आहे, हे सगळं त्याला माहीत असावं लागतं.

मामाला ते माहीत होतं. मला कसं कळलं? सोमवारी क्लब बंद असे. त्या दिवशी कॅडींना मैदानावर खेळू देत. मामाकडे काठ्या दोनच. एका साहेबाने टाकून दिलेली सात नंबरची आणि एक जुनी पटर. सात नंबरची काठी मधल्या अंतराची. तिने चेंडू फार लांब जात नाही. त्यामुळे बाकीचे जिथे दोन फटक्यांत पोचत, तिथे मामाला तीन लागायचे. मग तो काय करायचा? आधी खळग्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि तिथून उलटं मागे बघायचा. शेवटचा फटका कुठून मारला तर सोपा? मग त्याच्या आधीचा कुठून? असं करत करत पहिल्या फटक्यापर्यंत मागे यायचं. एका खिशातल्या वहीत त्याने अठराही होलांचे नकाशे काढले होते. बॉलपेनने. झाडं म्हणजे गोल, तळं म्हणजे नागमोडी रेघ, वाळूचा खड्डा म्हणजे टिंबटिंब. वहीच्या प्रत्येक पानावर एका जागी फुली असायची. लहानपणी मला वाटायचं, फुली म्हणजे तिथे चेंडू मारायचा. एकदा विचारलं तर हसला. म्हणाला, “नाही पोरी. चेंडू चुकणारच. माणूस आहे. पण चुकवायचा तर कुठे, ते आधी ठरवावं लागतं. ही फुली ती.”

साहेब लोक त्याला विचारायचे, “कितीची काठी देऊ?” आणि त्याने उत्तर दिलं की बरेचदा दुसरीच काठी ओढून घ्यायचे. एका स्पर्धेत मामा म्हणाला, “साहेब, तळ्याच्या अलीकडे ठेवा.” साहेबांनी तळ्यावरून मारला. चेंडू तळ्यात. बोलणी कुणाला? मामाला! “तुझ्यामुळे माझं लक्ष उडालं,” म्हणे. क्लबाच्या भिंतीवर जिंकणाऱ्यांच्या नावांची मोठी लाकडी पाटी आहे. त्यातल्या काही नावांच्या बाजूला मामा पिशवी घेऊन उभा होता, हे त्या पाटीवरून कुणालाही कळायचं नाही.

आता सेंट अँड्र्यूजला जाऊ या. तिथल्या कॅडींचीही एक गोष्ट आहे, ती सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप. पण आधी मैदान पाहा, कारण ते भलतंच विचित्र आहे.

अठरा होल म्हणजे प्रत्येकाच्या शेवटी मऊ, बारीक कापलेल्या गवताचा एक तुकडा हवा. त्याला ग्रीन म्हणतात आणि खळगा त्याच्यातच असतो. पण ओल्ड कोर्सवर फक्त चार होलांना स्वतःचं ग्रीन आहे. पहिल्याला, नवव्याला, सतराव्याला आणि अठराव्याला. बाकीचे चौदा होल जोडीजोडीने सात मोठी ग्रीन वाटून घेतात. दुसऱ्याबरोबर सोळावा, तिसऱ्याबरोबर पंधरावा, चौथ्याबरोबर चौदावा... बेरीज करून पाहा. प्रत्येक जोडीची १८! माझ्या वर्गात हे सांगितल्यावर एका मुलीने लगेच विचारलं, “बाई, मग नऊची जोडी नऊशीच ना?” म्हणून तो बिचारा एकटा. (पूर्वी इथे २२ होलांचा डाव असे. १७६४ साली काही होल एकत्र करून १८ केले आणि पुढे जगभर १८ च झाले.)

दुसरी गंमत. शाळेच्या शर्यतीत आपण मैदानाला डावीकडे वळत फेरी मारतो. म्हणजे मैदानाचा मध्य सतत डाव्या हाताला आणि कड उजव्या हाताला. ओल्ड कोर्सही साधारण तसाच आहे. जाताना गाव पाठीशी ठेवून सरळ जायचं, टोकाला वळायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. त्यामुळे जाताना काय, येताना काय, डावीकडे ऐसपैस मोकळी जागा आणि उजवीकडे काटेरी झुडपं, नाहीतर मैदानाची हद्द. हद्दीबाहेर चेंडू गेला की दंड.

मग डावीकडेच मारत राहावं! सोपं आहे की! पण मैदान इतकं भोळं नाही. डावीकडे चेंडू सुरक्षित राहतो, पण बहुतेक होलांवर तिथून पुढचा फटका अवघड होतो. मध्ये वाळूचा खड्डा येतो, नाहीतर ग्रीनचा उतार उलटा पडतो. उजवीकडे, संकटाच्या कडेला खेटून चेंडू ठेवला, तर पुढची वाट उघडी मिळते. म्हणजे पहिल्याच फटक्याला हिशेब करायचा. आत्ता धोका घेऊ की पुढे घेऊ? आणि भरीला समुद्रावरचा वारा! सकाळी पाठीवर असलेला वारा दुपारी तोंडावर येतो.

या मैदानावर १९६४ साली टोनी लेमा नावाचा अमेरिकन खेळाडू ओपन खेळायला आला. ओल्ड कोर्स त्याने आयुष्यात कधी पाहिला नव्हता, आणि सरावालाही धड वेळ मिळाला नव्हता. पण त्याच्या मित्राने, आर्नोल्ड पामरने, एक भेट दिली होती. पामर त्या वर्षी आला नाही, म्हणून त्याने आपला कॅडी लेमाला दिला. टिप अँडरसन. सेंट अँड्र्यूजचाच माणूस. मैदानातले बरेचसे खड्डे खेळाडूला उभं राहिल्या जागेवरून दिसतच नाहीत. अँडरसनला मात्र सगळे पाठ. तो दिशा दाखवायचा, काठी हातात द्यायचा, आणि लेमा मारायचा. ओल्ड कोर्सवर पहिल्यांदाच आलेला हा माणूस ती ओपन जिंकला, आणि तीही जॅक निकलससारख्या खेळाडूला पाच फटक्यांनी मागे टाकून. लेमाने अँडरसनला मनापासून श्रेय दिलं. ही गोष्ट मी मामाला वाचून दाखवली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्याने ऐकलं.” एवढंच.

आता काही होल पाहू. सगळे अठरा सांगत बसत नाही, जागा पुरायची नाही.

पहिला होल दिसायला सगळ्यात सोपा. शंभर यार्डांपेक्षा रुंद मैदान, त्यात एकही खड्डा नाही. पण ग्रीनच्या अगदी तोंडाशी एक ओढा आडवा गेलाय, स्विल्कन बर्न. इथे शहाणे खेळाडू खळग्याच्या पलीकडचं अंतर धरून मारतात. चेंडू थोडा लांब गेला तर गवतावर राहतो, थोडा आखूड पडला तर पाण्यात.

अकराव्या होलवर याच्या बरोबर उलट. हा होल छोटा, एकाच फटक्यात पोचायचं. ग्रीन आपल्याकडे चांगलंच उतरतं. डाव्या बाजूला ‘हिल’ आणि पुढे उजव्या बाजूला ‘स्ट्रॅथ’ असे दोन खोल वाळूचे खड्डे पहाऱ्याला बसलेत. या खड्ड्यांना बंकर म्हणतात. खळग्याच्या पलीकडे चेंडू गेला, तर परतीचा फटका उतारावरून घसरत थेट खाली. म्हणून इथे फुली अलीकडे. दोन बंकरांच्या मधोमध, थोडा आखूड. १९२१ साली बॉबी जोन्स नावाचा १९ वर्षांचा मुलगा हिल बंकरमध्ये अडकला आणि इतका वैतागला, की चेंडू उचलून त्याने स्पर्धाच सोडली. पण पुढे ऐका. तोच जोन्स १९२७ साली याच मैदानावर ओपन जिंकला.

चौदावा होल लांबलचक, सहाशे यार्डांहून जास्त. त्याच्या वाटेत जो बंकर आहे, त्याचं नाव ‘हेल’, म्हणजे नरक! माणसाहून उंच भिंत. १९९५ साली जॅक निकलसला त्यातून बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या एका होलवर दहा झाले. हाच निकलस १९७० आणि १९७८ साली इथेच ओपन जिंकला होता, हे लक्षात घ्या. मग यावर उपाय? सरळ खळग्याकडे न मारता डावीकडे, चक्क शेजारच्या पाचव्या होलच्या मैदानात मारायचं आणि नरकाला वळसा घालायचा. वाट लांबते, पण चालतं.

टायगर वुड्सने २००० साली काय केलं माहीत आहे? त्या मैदानावर ११२ बंकर. चार दिवस, ७२ होल. वुड्सचा चेंडू एकदाही, एकाही बंकरमध्ये गेला नाही. आठ फटक्यांनी जिंकला. लोक त्याच्या लांब फटक्यांचं कौतुक करतात. मला विचाराल तर त्या चार दिवसांत त्याने काय काय मारलं नाही, ते जास्त पाहण्यासारखं आहे.

आणि आता आपला सतरावा, ‘रोड होल’. पहिला फटका मारायला उभं राहिलं, की समोर मैदान दिसतच नाही. दिसतात हॉटेलच्या आवारातल्या शेड! पूर्वी तिथे रेल्वेच्या शेड होत्या, त्यांच्याच आकाराच्या या बांधल्यात. त्यांच्यावरून अंदाजाने मारायचं. वाट उजवीकडे वळते आणि उजवीकडेच हॉटेल, म्हणजे हद्द. हद्दीला खेटून चेंडू ठेवला तर पुढे ग्रीन लांबीला उघडं मिळतं. घाबरून डावीकडे मारला तर ग्रीन आडवं पडतं. आणि ते आहे फळीसारखं, लांब पण अरुंद. पुढच्या बाजूला रोड बंकर, पाठीमागे डांबरी रस्ता, त्यापलीकडे दगडी भिंत. रस्त्यावर चेंडू गेला तर रस्त्यावरूनच मारायचा.

१९७८ साली जपानच्या टॉमी नाकाजिमाने दोन फटक्यांत ग्रीन गाठलं. शाबास! मग त्याने पटरने हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून घरंगळत रोड बंकरमध्ये गेला. बाहेर काढायला चार फटके. होलचे एकूण नऊ. १९८४ साली टॉम वॉटसन अगदी बरोबरीत होता. त्याचा दुसरा फटका ग्रीन ओलांडून रस्त्यावर, भिंतीजवळ गेला आणि एक फटका हातचा गेला. जिंकला स्पेनचा सेव्ह बायेस्तेरोस.

मग फुली कुठे? मामाच्या मते ग्रीनच्या अलीकडे, उजव्या अंगाला. दोन फटक्यांत तिथपर्यंत या, तिसरा पटरने वर चढवा आणि खळग्यापाशी न्या. पाच झाले तरी झाले. नऊ होणार नाहीत.

१७ जुलै २०२२. बाहेर धो धो पाऊस, आणि आम्ही दोघं रात्री माझ्या मोबाइलवर ओपनचा शेवटचा दिवस पाहत बसलो होतो. ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन स्मिथ एका फटक्याने पुढे. सतराव्यावर त्याचा दुसरा फटका आखूड पडला, आणि असा, की त्याच्या आणि खळग्याच्या बरोबर मध्ये रोड बंकर! लोकांना वाटलं, आता हा चेंडू उंच उडवून बंकरवरून टाकणार. टाकला असता तर पलीकडे रस्ता होताच. मामा खाटेवर उठून बसला. म्हणाला, “पटर काढायला पाहिजे याने.”

स्मिथने पटर काढली. चेंडू खळग्याकडे नाही, बंकरला वळसा घालून, चढावरून जमिनीलगत नेला. तो खळग्यापासून दहा-एक फुटांवर थांबला. पुढचा फटका आत. चार! आणि शेवटी एका फटक्याने तो ओपन जिंकला. मामाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “आता झोप पोरी, उद्या शाळा आहे तुला.”

त्यानंतर आमच्या शाळेत रोड होल आलाय. लांबउडीचा वाळूचा खड्डा हा बंकर. त्याच्या मागची वाट हा रस्ता आणि कंपाउंडची भिंत ही भिंत. हद्द आम्ही फक्कीने आखली. काठी मामाचीच, सात नंबरची. मुलांना ती मोठी होते, म्हणून ती खाली धरतात. चेंडू प्लॅस्टिकचा. शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीच्या मुलांचा डाव असतो आणि आकडे फळ्यावर लिहायचे असतात. (बेरजा किती भरभर होतात म्हणून सांगू!)

वर्गात दोन तट पडलेत. एक मुलगा आहे, तो दर वेळी सरळ खड्ड्यावरूनच मारतो. वर्गातला सगळ्यात कमी आकडा त्याचा, तीन. आणि सगळ्यात मोठाही त्याचाच, अकरा. एक मुलगी आहे, ती खड्ड्याच्या जवळसुद्धा जात नाही. उजवीकडून वळसा. तिचे नेहमी पाच. कधी सहा, चार कधीच नाही. मग मधल्या सुट्टीत भांडण, खरा खेळाडू कोण? मुलं म्हणतात तो, मुली म्हणतात ती, आणि माझ्याकडे बघतात. मी सांगितलं, मामा आला की त्याला विचारा.

मामा परवाच्या शनिवारी आला. चार डाव झाले होते, शेवटचा राहिला होता. मुलगी खेळून मोकळी झाली होती. नेहमीप्रमाणे पाच. त्या मुलाला हवे होते जास्तीत जास्त चार, म्हणजे बरोबरी. तीन आले तर जिंकला. सगळी पोरं मामाभोवती गोळा झाली. “मामा, सांगा ना, वरून मारू देत की वळसा?”

मामाने उत्तर दिलं नाही. तो आधी लांबउडीच्या खड्ड्यापाशी गेला, तिथून खळग्यापाशी गेला, उकिडवा बसला आणि उलटा मागे बघत राहिला. मग सावकाश परत आला. मुलाला म्हणाला, “तू इथे ये. मी बसलो होतो तिथे जाऊन बस. आणि मला सांग, चुकवायचा तर कुठे?”

मुलगा गेला. खळग्यापाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ बसला. एरवी त्याला दोन मिनिटं एका जागी बसवणं म्हणजे माझी परीक्षा! परत आला तेव्हा त्याने काठी घेतली नाही. मामाकडे हात पुढे केला आणि म्हणाला, “पटर द्या.”